रास्त भाव नेमका कुणाचा? कॉफीचं पाकीट, न्यूयॉर्कचा दर आणि आपली पट्टी

मांजराकाठचा (धागाकर्ता) · १० नोव्हेंबर २०२४, रात्री ९:४०

पुतणी पुण्याला नोकरीला आहे. दिवाळीला येताना कॉफीचं पाकीट घेऊन आली. आमच्या घरी कॉफी म्हणजे उपवासाला, जायफळ घासून, दूध-साखर सढळ हातानं. ही काळी, कडू, गाळून प्यायची. असो, चव हा धाग्याचा विषय नाही. पाकीट २५० ग्रॅमचं, किंमत ५२० रुपये. वर निळा-हिरवा शिक्का, फेअर ट्रेडचा. पुतणी म्हणाली, "काका, यात शेतकऱ्याला रास्त भाव मिळतो, म्हणून महाग."

त्याच सकाळी मी आडतीवर चौदा कट्टे सोयाबीन घालून आलो होतो. पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, अजून खिशात होती. भाव लागला क्विंटलला ४,१२०. हमीभाव आहे ४,८९२. हमाली-तोलाई कापून हातात आलं त्यात रब्बीचं खत आणि हरभऱ्याचं बी, संपलं.

'रास्त भाव' हे शब्द आपल्या गावात कुठं लिहिलेले असतात? रेशन दुकानाच्या पाटीवर. तिथं रास्त म्हणजे घेणाऱ्याला परवडेल असं स्वस्त. आणि शेतकरी संघटनेचे शरद जोशी रास्त भाव म्हणायचे तेव्हा त्याचा अर्थ पिकवणाऱ्याचा खर्च भरून निघेल असा. कॉफीच्या पाकिटावरचा रास्त यातला कुठला, हे मला कळेना.

तर प्रश्न साधा आहे. या ५२० मधले शेतकऱ्याच्या हातात किती पडतात? खरंच माहीत असेल त्यानंच सांगा. व्हॉट्सॲपवरचं नको.

चहा_च_बरा · १० नोव्हेंबर, रात्री ९:५२

५२० रुपयांत आमच्याकडं महिन्याची चहापत्ती येते आणि वर पारलेचे पुडे. एवढंच सांगायला आलो होतो.

उदगीरचा_बंगळुरात · १० नोव्हेंबर, रात्री ११:१५

काका, नमस्कार. मी अकरा वर्षं कॉफीच्या निर्यातीत आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

कॉफीच्या दोन मुख्य जाती, अरेबिका आणि रोबस्टा, आणि भाव दोन ठिकाणी ठरतो. अरेबिकाचा न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात, रोबस्टाचा लंडनला. न्यूयॉर्कचा सौदा ३७,५०० पौंडांचा, म्हणजे साधारण १७ टन, आणि दर सांगतात पौंडाला किती सेंट असा. पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. चिकमगळूरचा मळेवाला सकाळी उठून देवाला हात जोडायच्या आधी मोबाईलवर न्यूयॉर्क बघतो. ब्राझीलमध्ये दव गोठून झाडं करपली, पाऊस लांबला, की इकडं भाव हलतो. आपल्या सोयाबीनचं शिकागोच्या वायदे बाजाराशी आणि पामतेलाच्या आयातीशी जे नातं, तेच.

फेअर ट्रेडचा किमान दर ठरलेला असतो. धुतलेल्या (पाण्यानं गर काढलेल्या) अरेबिकाला ऑगस्ट २०२३ पासून पौंडाला १.८० डॉलर. त्याआधी २०११ पासून १.४० होता, बारा वर्षं हलला नाही. बाजार याच्या खाली गेला तर घेणाऱ्यानं किमान दर द्यायचा. बाजार वर असेल तर बाजाराचाच. आणि दोन्ही वेळा वर २० सेंट प्रीमियम. हा प्रीमियम शेतकऱ्याच्या खिशात जात नाही, सहकारी संस्थेच्या खात्यात जातो. शाळा बांधायची, रस्ता करायचा की वाळवण्याचा ओटा, ते सभासदांच्या सभेत ठरतं. त्यातले किमान ५ सेंट उत्पादन आणि प्रत सुधारण्यावर घालायचे असा नियम आहे.

आता तुमचं पाकीट. भाजली की कॉफी वजनाला घटते, १ किलो भाजलेल्या बीला साधारण १.२ किलो हिरवी, म्हणजे न भाजलेली, बी लागते. डॉलर ८४ चा धरू. तुमच्यातली कॉफी बहुधा आपल्याच दक्षिणेतली असणार, तरी अंदाजाला हाच हिशेब पुरतो.

किमान दर अधिक प्रीमियम, म्हणजे २ डॉलर पौंडाला: २५० ग्रॅममागं १११ रुपये. आज बाजार अडीच डॉलरच्या आसपास आहे, तो दर अधिक प्रीमियम धरला तर १५० रुपये. आणि नुसता प्रीमियम किती? २५० ग्रॅमला ११ रुपये. एका कपाला १५ ग्रॅम धरा, तर ६७ पैसे.

थांबा, हे १११ किंवा १५० सुद्धा शेतकऱ्याचे नाहीत. तो दर एफओबी आहे, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतचा. त्यातून गर काढणं, वाळवणं, गिरणी, बंदरापर्यंतचं भाडं, शिक्क्याची फी आणि संस्थेचं कर्ज भागवायचं. उरेल ते सभासदाचं. तुम्ही ऊसवाले असाल तर लगेच समजेल. एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला दर, जाहीर होते एक आणि तोडणी-वाहतूक वजा जाता खात्यावर येते दुसरीच.

मांजराकाठचा · ११ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

६७ पैसे! पुतणीला वाचून दाखवलं. ती रुसली.

कॅफेवाली_संभाजीनगर · ११ नोव्हेंबर, दुपारी १२:०५

मग बाकीचे पैसे कॅफेवाले खातात असं आता कुणीतरी लिहिणार, त्याआधी मीच लिहिते.

माझा छोटा कॅफे आहे, आठ टेबलांचा. दुधाची कॉफी १८० रुपये. मी भाजलेली बी किलोला १,२०० नं घेते, कपाला १८ ग्रॅम जाते, म्हणजे २१-२२ रुपये. दूध ९-१० रुपये. कप बाहेर नेला तर कप-झाकण ६. जीएसटी ५ टक्के, आणि तो भरताना मी खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मला मिळत नाही. बाकी सगळं भाडं, पगार, वीज, मशीनचा हप्ता. लोक कॉफी पीत नाहीत हो, खुर्चीवर बसतात. एका कपावर दोन पोरं दोन तास अभ्यास करतात. मी तासाचं भाडं कपातून वसूल करते, हे उघड सांगते.

शेतकऱ्याला दुप्पट भाव दिला तरी माझा कप फार तर दहा-बारा रुपयांनी महागेल. न दिल्यानं स्वस्त होत नाही तो नाहीच. २०१९ ला बी स्वस्त होती तेव्हा मी कुठं दर उतरवले?

एकदा फेअर ट्रेडची बी आणून पाहिली. महिन्यात तीन जणांनी पाटी वाचली. त्यातल्या एकानं विचारलं, "ही शुगर फ्री असते का?"

अर्थ_अनर्थ · ११ नोव्हेंबर, दुपारी ४:२०

ताई, तुमच्या गावातल्या तिघांवरून निकाल लावू नका. अमेरिकेत हायनम्युलर, हिस्कॉक्स आणि सिक्वेरा यांनी किराणा साखळीच्या २६ दुकानांत प्रयोग केला होता. तीच कॉफी, एकदा शिक्क्यासह, एकदा शिक्क्याविना. शिक्का लावल्यावर विक्री १० टक्क्यांच्या आसपास वाढली. म्हणजे गिऱ्हाईक पैसे द्यायला तयार असतं. पुढं काय होतं तो प्रश्न.

मी नांदेडला अर्थशास्त्र शिकवतो. संध्याकाळी सविस्तर लिहितो, आता पेपर तपासायलोय.

तिसऱ्या_पिढीचा_आडत्या · ११ नोव्हेंबर, सायंकाळी ६:४५

मांजराकाठचे काका, पट्टीचा विषय तुम्ही काढलाच आहे तर बोलतो. दलालाला शिव्या घालणं सोपं असतं.

४,१२० कशानं लागला ते पण सांगा ना. माल ओला होता का? आमच्याकडं या हंगामात निम्मा माल १५-१६ मॉइश्चरचा यायलाय. परतीच्या पावसानं डागी झालेला वेगळाच. सरकारी केंद्रावर १२ च्या वर मॉइश्चर असेल तर गाडी परत. आम्ही परत पाठवत नाही, भावात धरतो. जूनमध्ये तुमच्याकडं बियाण्याला पैसे नव्हते तेव्हा उचल कुणी दिली?

उदगीरच्या भाऊला विचारतो, फेअर ट्रेडमध्ये उचल कोण देतं?

उदगीरचा_बंगळुरात · ११ नोव्हेंबर, रात्री ८:१०

चांगला प्रश्न आहे शेठ. संस्थेनं मागितलं तर घेणाऱ्यानं कराराच्या ६० टक्क्यांपर्यंत रक्कम हंगामाआधी उपलब्ध करून द्यायची असा त्यांचा नियम आहे. माझ्या मते सगळ्या योजनेतली सगळ्यात कामाची गोष्ट हीच, आणि पाकिटावर तिचा उल्लेख कधीच नसतो. लॅटिन अमेरिकेतला छोटा शेतकरी तोडणीच्या तोंडाशी रिकामा असतो. तेव्हाच दलाल दारात येतो. तिकडं त्या दलालाला 'कोयोते' म्हणतात, कोल्ह्यासारखं एक जनावर असतं त्याचं नाव.

तिसऱ्या_पिढीचा_आडत्या · ११ नोव्हेंबर, रात्री ८:१४

घ्या. म्हणजे आम्ही करतो तेच, फक्त शिक्का मारून.

मांजराकाठचा · ११ नोव्हेंबर, रात्री ८:३१

शेठ, तुमची उचल घेतली की माल दुसऱ्या आडतीवर घालता येत नाही, ते पण लिहा की. आणि माल १३ मॉइश्चरचा होता. ओट्यावर पाच दिवस वाळवला, लेकरं-बायका सगळे लागले होते.

अर्थ_अनर्थ · ११ नोव्हेंबर, रात्री १०:५५

कबूल केल्याप्रमाणे आलो.

मुळात ही कल्पना आली कुठून? १९६२ पासून कॉफी पिकवणाऱ्या आणि पिणाऱ्या देशांत आंतरराष्ट्रीय करार होता. कुणी किती निर्यात करायची त्याचा कोटा. भाव पडायला लागले की कोटा आवळायचा. जुलै १९८९ मध्ये तो कोटा मोडला आणि भाव कोसळले. त्याच्या वर्षभर आधी, १९८८ मध्ये, हॉलंडात 'मॅक्स हॅवलार' हा शिक्का सुरू झाला होता. फ्रान्स व्हॅन डर हॉफ हा मेक्सिकोत ओआहाकाच्या डोंगरातल्या कॉफीवाल्यांत राहिलेला पाद्री आणि निको रूझेन, या दोघांनी तो काढला. सरकारांनी टाकलेलं काम गिऱ्हाइकाच्या खिशातून करायचं, असा तो घाट. २००१ च्या सुमारास न्यूयॉर्कचा दर पौंडाला ५० सेंटच्याही खाली गेला, तेव्हा किमान दरवाल्या संस्था खरोखर तगल्या. हे नाकारू नये.

आता अडचण. जत्रेत एकाचं रसवंतीगृह चाललं की पुढच्या वर्षी दहा गाडे लागतात. बाजार ५० सेंट आणि शिक्क्याचा दर त्याच्या दुपटीहून जास्त, म्हटल्यावर शिक्का घ्यायला कोण येणार नाही? संस्था वाढल्या, शिक्क्याचा माल वाढला, शिक्क्याची गिऱ्हाइकं त्या वेगानं वाढली नाहीत. मग संस्थेकडं १०० पोती शिक्क्याची, पण शिक्क्याच्या दरानं विकली जाणार त्यातली काहीच. उरलेली साध्या बाजारात, साध्या भावानं. फी मात्र सगळ्यावर भरलेली. द जानव्री, मॅकिंटॉश आणि सादुले यांनी ग्वाटेमालातल्या संस्थांचे आकडे तपासले, २०१५ ला छापून आलं. त्यांच्या हिशेबात खर्च वजा जाता सभासदाला सरासरी जवळपास काहीच उरत नव्हतं. भाव खोटा नव्हता. त्या भावानं विकायला मिळणारे नगच आटले होते.

मांजराकाठचे काका, तुमचा हमीभावही खोटा नाही. ४,८९२ हा खराच आकडा आहे.

मांजराकाठचा · १२ नोव्हेंबर, सकाळी ७:०२

सर, काळजाला हात घातलात. मी केंद्रावर नोंदणी केलेली आहे. सातबारा, पीकपेरा, आधार, पासबुक सगळं देऊन महिना झाला. "मेसेज येईल." अजून आला नाही. शेजारच्याला आला, तो ट्रॅक्टर घेऊन गेला तर बारदाना संपला होता, दोन दिवस गाडी रांगेत. ट्रॅक्टरचं भाडं कुणाच्या डोक्यावर? म्हणून मी आडत धरली. घरी ठेवून उंदरांना थोडंच घालायचं.

किनवटचे_आबा · १२ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

नातू टाइप करून द्यायलाय. मी बोलतो तसं तो लिहितो म्हणला, बघू.

तुम्ही पोरं ग्वाटेमाला आणि मेक्सिको करायलात, आम्ही हे सगळं इथंच बघितलं. कापूस एकाधिकार. १९७२ पासून. महाराष्ट्रातला सगळा कापूस सरकारनंच घ्यायचा, व्यापाऱ्याला बंदी. आधी ठरलेला भाव द्यायचा आणि पुढं नफा झाला तर बोनस. ऐकायला किती गोड.

मंदीचं साल आलं की केंद्रावर बैलगाड्यांची रांग दोन-दोन किलोमीटर. थंडीत गाडीखाली झोपायचो आम्ही. ग्रेडर हातानं कापूस चोळून बघायचा आणि एक नंबरचा दोन नंबर करायचा. चुकाऱ्यासाठी, म्हणजे विकलेल्या कापसाच्या पैशासाठी, सहा-सहा महिने हेलपाटे. तेजीचं साल आलं की हीच केंद्रं ओस. कापूस कुठं गेला? रात्रीतून आदिलाबादला! किनवटपासून हाकेवर. तेव्हा ते आंध्रात होतं. सगळा सीमेवरचा मुलूख जागा राहायचा. मी पण नेलाय, आता लपवायचं काय, म्हातारा झालो. नाक्यावर दोन पोती सोडली की गाडी पुढं.

त्यामुळं योजनेच्या वाट्याला काय आलं? मंदीत सगळ्यांचा कापूस, चढ्या भावानं. तेजीत कुणाचाच नाही. तोटा सरकारच्या डोक्यावर. २००० उलटल्यावर एक-दोन वर्षांत एकाधिकार गेलाच.

तुमच्या त्या शिक्क्याच्या संस्थांना तेजीत सभासद माल देतात का, एवढं मला सांगा.

चहा_च_बरा · १२ नोव्हेंबर, सकाळी १०:४१

आबा, नमस्कार करतो. नाक्यावरच्या दोन पोत्यांना प्रीमियम म्हणायचं का एफओबी?

उदगीरचा_बंगळुरात · १२ नोव्हेंबर, दुपारी २:२०

आबा, तुम्ही नेमकी नस पकडली. उत्तर: पुष्कळदा देत नाहीत. तेजीत कोयोते बांधावर रोख घेऊन उभा असतो, आपल्याकडं खेडा खरेदीवाला असतो तसा. संस्था म्हणते आधी थोडे घे, बाकीचे विक्रीनंतर. माणूस रोख बघतो.

कर्नाटकातही तुमच्या एकाधिकारासारखंच होतं. १९४२ चा कॉफी कायदा. सगळी कॉफी सरकारी कॉफी बोर्डाच्या एका राशीत टाकायची, बोर्डानं विकायची आणि मळेवाल्याला हप्त्याहप्त्यानं पैसे. जुनी माणसं अजून त्याच्या आठवणी काढतात, काही शिव्या घालत, काही उसासे टाकत. १९९२ पासून थोडा थोडा माल मोकळा केला आणि १९९६ ला पूर्ण. मध्येच १९९४ ला ब्राझीलमध्ये दव गोठून भाव चढले, म्हणून मोकळ्या बाजाराचं पहिलं तोंड गोड झालं. पुढं २००१ आलं तेव्हा तेच लोक बोर्डाची वाट बघत होते.

एक अजून. फेअर ट्रेडच्या मूळ आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमात कॉफीचा शिक्का फक्त छोट्या शेतकऱ्यांच्या संस्थेला मिळतो, मोठ्या मळ्याला नाही. अमेरिकेतली शाखा २०११ ला यावरूनच वेगळी झाली, ती मळ्यांनाही देते. हे भांडण तिकडं अजून धुमसतंय.

परभणी_सॉइल · १२ नोव्हेंबर, दुपारी ३:०५

अवांतर: मराठवाड्यात कॉफी घेता येईल का? गावात एक जण रोपं विकायला आला होता, एकरी लाखांचं बोलत होता.

उदगीरचा_बंगळुरात · १२ नोव्हेंबर, दुपारी ३:१२

त्याला चहा पाजून वाटेला लावा. राज्यात चिखलदऱ्याला होते थोडी, ते हजार मीटरच्या वर आहे. सावली, उतार आणि थंडावा लागतो. आपल्या काळ्या रानात मे महिन्यात रोप शिजेल.

कोयता · १२ नोव्हेंबर, रात्री ९:२५

मी दोन दिवस वाचतेय. शेतकरी, आडत्या, कॅफे, संस्था, न्यूयॉर्क, सगळे आले. तोडणारा कुठं आहे?

माझे आई-वडील बीडहून कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, जायचे. माझी पहिली-दुसरी कोपीतच, तोडणीच्या तळावरच्या झोपडीतच, झाली. एफआरपी बहुतेक वर्षी वाढते, पेपरात मोठा मथळा येतो. तोडणीचा दर संप करून, बैठका घेऊन कुठं काही वर्षांनी वाढतो. गेल्या जानेवारीत ३४ टक्क्यांवर तडजोड झाली ती किती दिवसांच्या ताणाताणीनंतर, ते आमच्या गावाला माहीत आहे. आणि वाढ झाली तरी टोळी नेणाऱ्या मुकादमाची उचल फिटायची ती फिटतेच असं नाही.

कॉफी पण हातानंच तोडतात ना? पिकलेली लाल बोरं तेवढी वेचायची, हिरवी ठेवायची, म्हणजे एकाच झाडाला तीन-चार फेऱ्या. कोडगूत आता आसामहून माणसं येतात असं माझ्या कंपनीतला तिकडचा एक जण सांगतो. त्या बाईला १.८० डॉलरमधलं काय मिळतं? पाकिटावर शेतकऱ्याचा हसरा फोटो असतो, तिचा बघितला नाही कधी.

अर्थ_अनर्थ · १२ नोव्हेंबर, रात्री ११:४०

ताई, तुमचा प्रश्न या विषयातला सगळ्यात कमी विचारलेला आहे.

कोस्टारिकात द्रागुसानू, मोंतेरो आणि नन यांनी पाहिलं. शिक्क्यामुळं संस्थेला भाव जास्त मिळाला, मालक शेतकऱ्यांचं उत्पन्न वाढलं. मजुरांचं वाढलं नाही. मधल्या व्यापाऱ्यांचं घटलं (शेठ, क्षमस्व). इथिओपिया आणि युगांडात लंडनच्या एका विद्यापीठाच्या गटानं मजुरांकडं जाऊन चौकशी केली, २०१४ ला अहवाल आला. शिक्क्याच्या संस्था असलेल्या भागात मजुरी आजूबाजूपेक्षा जास्त नव्हतीच, बरेचदा कमी होती. त्यावर फेअर ट्रेडवाल्यांनी तुलनेच्या पद्धतीवर आक्षेप घेतले, वाद झाला. पण एवढं खरं की नियम लिहिताना 'छोटा शेतकरी' म्हणजे घरच्या घरी राबणारा, असं गृहीत धरलं होतं. दोन एकरवाला पण तोडणीला माणसं लावतो, हे नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं फारसं नव्हतं.

कोयता · १२ नोव्हेंबर, रात्री ११:४८

आमच्या डोळ्यांपुढं तेच होतं सर.

तिसऱ्या_पिढीचा_आडत्या · १३ नोव्हेंबर, सकाळी ११:००

माझी क्षमा मागायची गरज नाही. पण एक हिशेब मांडतो. संस्था मधल्या माणसाला काढते म्हणता. मग ग्रेडिंग कोण करतं? संस्थेचा माणूस. गोदाम? संस्थेचं. उचल? संस्थेची. भाव पडल्याची जोखीम? संस्थेची, म्हणजे सभासदाची. काम गेलं नाही, फक्त खुर्ची बदलली. आमच्या तालुक्यात शेतकरी उत्पादक कंपन्या किती निघाल्या आणि त्यातल्या किती आज खरेदी करतात? बऱ्याच जणांचा अवजारं भाड्यानं द्यायचा धंदा झालाय.

मांजराकाठचा · १३ नोव्हेंबर, दुपारी १:१५

शेठ, कंपन्यांचं बरोबर आहे, मी स्वतः एकीचा भागधारक आहे. सभेला चहा असतो, लाभांश नसतो. पण खुर्ची बदलण्यानं काहीच होत नाही हे पटत नाही. संस्थेचा काटा मारला तर सभेत उभं राहून विचारता येतं. तुमच्या काट्याला कुठं विचारू?

तिसऱ्या_पिढीचा_आडत्या · १३ नोव्हेंबर, दुपारी १:२०

माझा काटा इलेक्ट्रॉनिक आहे काका. कधीही येऊन स्वतःला मोजा 🙂

मांजराकाठचा · १६ नोव्हेंबर, रात्री ९:००

दोन गोष्टी. सरकारी खरेदीत मॉइश्चर १५ पर्यंत चालेल असं जाहीर झालं. माझं १३ चं सोयाबीन तोवर तेलाच्या मिलला गेलं असेल.

दुसरी, पुतणीनं त्या पाकिटवाल्या कंपनीला मेल केला. मजकूर आम्ही दोघांनी मिळून केला. "शेतकऱ्याला किती भाव देता" असं विचारलंच नाही, त्याचं उत्तर छापील असतं. अर्थ_अनर्थ सरांच्या धड्यावरून विचारलं: तुम्ही ज्या संस्थेकडून घेता, तिच्या एकूण शिक्क्याच्या मालातला किती टक्के माल शिक्क्याच्या दरानं विकला गेला? उचल किती दिली? तोडणीची मजुरी किलोमागं किती? तिसरा प्रश्न कोयताताईंचा.

कॅफेवाली_संभाजीनगर · १६ नोव्हेंबर, रात्री ९:३०

हे तीन प्रश्न मी माझ्या बीवाल्याला पण पाठवले. त्याचा शिक्का नाही, तो 'थेट मळ्यातून' म्हणतो. फोन करून म्हणाला, मॅडम, आजवर कुणी विचारलं नव्हतं. मजुरीचा आकडा त्यानं दोन दिवसांत दिला, बाकीचं गुळमुळीत. भाव मात्र पुढच्या खेपेला किलोमागं १५० वाढवून लावला. प्रश्नाची फी असेल.

उदगीरचा_बंगळुरात · ८ फेब्रुवारी २०२५, सकाळी ८:१०

धागा वर काढतोय. न्यूयॉर्कला अरेबिका ४ डॉलरच्या वर गेली. आजवर कधीच नव्हती गेली. ब्राझीलमध्ये १९७५ ला दव गोठलं, त्यानंतर १९७७ ला जो चढा दर झाला होता, तो विक्रम डिसेंबरातच मोडला होता. काका, तुमच्या पाकिटातला माल आता या दरानं, प्रीमियम धरून, ८७ च्या डॉलरनं २४० रुपयांच्या आसपास गेला. १.८० चा किमान दर पार खाली तळाला राहिला, विहिरीत पडलेल्या बादलीसारखा.

आणि आबा म्हणाले होते ते तंतोतंत घडायलंय. ज्या संस्थांनी मागच्या पावसाळ्यात अडीच डॉलरच्या आसपास सौदे बांधले, त्यांना सभासद माल देईनात. बांधावर चार डॉलर रोख मिळत असताना संस्थेला कोण देणार? करार पुरा करायचा तर संस्थेनं स्वतः बाजारातून महाग घेऊन स्वस्तात द्यायचं. आमच्या एका घेणाऱ्याची दोन कंटेनर अशीच अडकली आहेत. मळेवाले मात्र खुशीत. ट्रॅक्टरच्या शोरूमला गर्दी आहे म्हणतात.

किनवटचे_आबा · ८ फेब्रुवारी, सकाळी ९:५५

नाक्यावर किती सोडायलेत ते विचार.

कोयता · ८ फेब्रुवारी, दुपारी १:३०

आणि तोडणीची मजुरी?

उदगीरचा_बंगळुरात · ८ फेब्रुवारी, दुपारी १:५०

यंदा माणूस मिळत नाही म्हणून वाढली आहे, ताई. भाव चढला म्हणून नाही.

मांजराकाठचा · ८ फेब्रुवारी, रात्री ८:४०

कंपनीचं उत्तर आलं, अडीच महिन्यांनी. पुतणीनं पाठवलं. दोन पानं. शाळेच्या खोल्यांचे फोटो, सौर दिव्यांचे फोटो. आमच्या पहिल्या प्रश्नावर एक ओळ: ही माहिती संस्थेकडून मागवली आहे.

दुसरं म्हणजे जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मला केंद्राचा मेसेज आला. माल घेऊन या, सोबत मूळ कागदपत्रं आणा. वाचत असताना शेजारी बसलेला भाऊ म्हणाला, "जा की, रिकामा ट्रॅक्टर घेऊन." मेसेज अजून काढून टाकला नाही. ४,१२० च्या पट्टीसोबत ठेवलाय, पट्टी फळीवर आणि मेसेज मोबाईलमध्ये.

पाकिटातली कॉफी संपली. शेवटची शेवटची जायफळ घालून प्यायलो. पुतणीला सांगू नका.

चहा_च_बरा · ८ फेब्रुवारी, रात्री ८:४३

सांगितलं.